फियाट, वॉटर पेपर आणि माझा आगाऊपणा
बाबांच्या पद्मिनीला (१९८४ चं मॉडेल, घरी सगळे अजून फियाटच म्हणतात) मार्चच्या शेवटी रंग मारून आणला. गर्द हिरवा, टूके पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग). चार हात लांबून एकदम झक्कास. जवळ जाऊन बोनेटमध्ये ट्यूबलाइट पाहिली तर ट्यूब सरळ दिसायच्या ऐवजी नुसती लाटा मारून राह्यली. पेंटिंगवाले याला ऑरेंज पील म्हणतात, संत्र्याची साल. नागपुरातल्या गाडीच्या नशिबी दुसरं काय असणार बाप्पा.

रंग मारणारा उस्ताद म्हणे, हे उन्हामुळे. आपल्याकडे तेव्हाच पारा ४० च्या घरात, थिनर उडून जाते आणि थेंब पसरून सपाट व्हायच्या आधीच आखडतात. स्लो थिनर घालून सकाळी सकाळी मारायला पाहिजे होता, पण आता बोलून काय फायदा. "घासून घ्या भाऊ, माल जाड आहे, फक्त कडेला हात लावू नका."

म्हटलं आपणच करू. १५००, २००० आणि ३००० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, नंबर मोठा तितका बारीक) आणला, रात्रभर बादलीत भिजत घातला, पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. पेपर रबराच्या ठोकळ्याला गुंडाळायचा, नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या नाल्या उमटतात. आणि हात सरळ चालवायचा, गोल गोल नाही. पाणी पिस्त्याच्या दुधासारखं वाहायला लागते, पहिल्यांदा पाहून छातीत धस्स होते, पण वर क्लिअर कोट (पारदर्शक थर) नसला की रंगच निघणार ना. एकदा पेपर हातातून अंगणात पडला आणि मी तोच उचलून परत वापरला, आमच्या गल्लीत सिमेंट रोडचं काम चालू, त्यातला एक कण बसला असेल पेपरला, दारावर शेपटीसारखा ओरखडा. तो काढण्यात अर्धी दुपार गेली.

खरी मजा वायपरने पाणी ओढल्यावर. घासलेला भाग मॅट होते आणि मध्ये मध्ये बारीक चमकणारे ठिपके राहतात, ते म्हणजे अजून न पोचलेले खड्डे. इथेच माणूस फसते. एक ठिपका गेला की दुसरा दिसते, दुसऱ्यासाठी अजून चार हात, आणि आपण विसरतो की रंगाचा सगळा थर मिळून झेरॉक्सच्या कागदाएवढा जाड असला तर असला. मी बोनेटवर सगळे ठिपके घालवले. नशीब म्हणून निभावलं.

पॉलिशच्या मशीनवर मात्र नशीब संपलं. लोकरीचा पॅड, कंपाउंड (चमक आणायची पेस्ट) आधी हळू स्पीडवर पसरवून घेतलं, मग १५०० आरपीएम. मॅट हिरव्यातून आरसा वर येताना पाहिला की हात थांबत नाही हो. कडांना मास्किंग टेप लावली होती, पण टेपच्या बाजूला रेघ दिसून राह्यली म्हणून मीच काढून टाकली. मागे फियाटला तो छोटा पंख असते ना, त्याच्या धारेवरून पॅड एकदाच गेला, फार तर दोन सेकंद. जळका वास आला, आणि रंग उडून खालचा शेंगदाण्याएवढा राखाडी प्रायमर उघडा. ओला रंग धारेवरून सरकून खाली येतो, म्हणून तिथे थर मुळातच पातळ, वर पॅडची सगळी गरमी तिथेच. उस्तादने सांगितलं होतं. ऐकलं होतं पण.

बाबा चहा घेऊन बाहेर आले, वाकून पाहिलं. "नवी आणली तेव्हापण साल होतीच तिच्यावर. तुला आरसा करायला सांगितलं कोणी बे?"

दुसऱ्या दिवशी उस्ताद आला, पंखाचा तो तुकडा परत मारून दिला, पैसे घेतले नाहीत, हसला मात्र पोटभर. दोन-तीन महिने वॅक्स लावू नका म्हणाला, आतलं सॉल्व्हंट निघू द्या.

डिकीला अजून पेपर लावला नाही. साल जशीच्या तशी आहे. पाहुणे येतात ते बोनेट पाहतात, डिकी कोण पाहते.