हमिंग घरी, जॉबशीटवर ‘दोष आढळला नाही’

लॅमिंग्टन रोडवरून पॉवर्ड स्पीकरची जोडी घेतली. अ‍ॅम्प्लिफायर एकाच्याच पोटात, दुसरा त्याला वायरने जोडायचा. निवडताना मी मोबाइलवर फक्त तानपुरा लावला. जवारी, म्हणजे तारेची झणकार, मोकळी ऐकू आली की उंच सुरांचा ट्विटर चांगला, खर्जाची तार फुगली नाही की खालच्या सुरांचा वूफरही. ही कसोटी मी आजही कोणालाही सांगेन.

भांडुपला घरी आणून टीव्हीच्या हेडफोन सॉकेटला जोडले, तर तानपुऱ्याखाली दुसराच सूर, एकसारखं हमिंग. व्हॉल्यूम वाढवला की तोही वाढायचा. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “फ्रीज घरघरतोय का रे?”

मग सुरू झाल्या सर्व्हिस सेंटरच्या वाऱ्या. भांडुपहून स्लो लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने चकाला, हातात दोन्ही खोके. काउंटरवरच्या मुलाने ब्लूटूथवर गाणं लावलं. “साहेब, क्लिअर आहे.” जॉबशीटवर ‘दोष आढळला नाही’. आठ दिवसांनी पुन्हा गेलो, पुन्हा तेच गाणं, तोच शेरा. मी सांगत होतो की वायर लावल्यावरच येतं, वायर लावून बघा. “टीव्ही इथे नाही,” एवढंच उत्तर. तिसऱ्या खेपेला घरचा व्हिडिओ दाखवला. तो त्यांनी पुरता पाहिलाही नाही. याचा राग अजून गेलेला नाही. ब्लूटूथला तार नसतेच, तिथे हा दोष दिसणार कसा?

शेवटी घरीच एकेक वायर काढत गेलो. सेट टॉप बॉक्समधली केबलवाल्याची वायर उपसली आणि हमिंग गप्प! त्या वायरचं अर्थिंग वेगळीकडे, स्पीकरच्या तीन पिनी प्लगचं वेगळीकडे. दोन्हींच्या मधून आपल्या विजेचा ५० हर्ट्झचा सूर फिरत होता. इलेक्ट्रिशियन म्हणाला, अर्थिंगची पिन काढून टाकू. असं कधीही करू नका, ती पिन आपल्या जिवासाठी असते. मी ऑप्टिकल वायर आणली. तिच्यातून आवाज प्रकाशाने जातो, तांब्याचा संबंधच तुटतो. हमिंग गेलं ते गेलंच. त्या रात्री मी आणि आई साडेबारापर्यंत यमन ऐकत बसलो.

ऑप्टिकल लावल्यावर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये पीसीएम (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) निवडा, नाहीतर आवाजच न येण्याची शक्यता. बास पोर्ट (खर्जाची हवा बाहेर पडायचं भोक) मागे असेल तर स्पीकर भिंतीपासून निदान वीतभर पुढे ओढा, आमच्याकडे कपाटावरच्या स्पीकरमधून तबल्याचा डग्गा नुसता घुमत होता. आणि रात्री अगदी हळू लावून बघा: काही स्पीकर सिग्नल क्षीण झाला की आपोआप झोपतात, आलाप मध्येच तुटतो. हे दुकानातच विचारायला हवं होतं.

ऑप्टिकल वायरच्या दोन्ही टोकांना बारीक पारदर्शक टोप्या असतात. त्या आधी काढा.