पेनड्राइव्हवर दशावतार घेऊन लॅपटॉप शोधताना

जत्रेतला दशावतार (कोकणातलं लोकनाट्य) शूट करायला मी गेल्या हंगामात सुरुवात केली. चुलतभावाचा आयफोन समोर स्टँडवर, मित्राचा मिररलेस कॅमेरा बाजूने, आणि पेटीवाल्याच्या शेजारी एक छोटा रेकॉर्डर. शूटिंग जमलं. पण घरच्या जुन्या लॅपटॉपवर दोन्ही फाइली एकाखाली एक लावल्या की संकासूर हात वर करायचा आणि तसाच थांबायचा. मागे पखवाज मात्र वाजत राहायचा.

नवा लॅपटॉप घ्यायचं ठरलं, बजेट ८० हजार. ‘मेल्या, इतक्या पैशात गाडी येता!’ हे काकांचं मत. सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणालं प्रोसेसर आय-सेव्हनच घे, कोणी म्हणालं ग्राफिक्स कार्ड मोठं बघ, बाकी काही बघू नको. मला यातलं काही कळत नव्हतं, म्हणून आधी माझं काम किती आहे ते कागदावर मांडलं.

आयफोन ४के, सेकंदाला ३० फ्रेमवर मिनिटाला साधारण १७० एमबी खातो. तीन तासांच्या आख्यानाचे झाले ३० जीबी. मित्राचा कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिटने लिहितो (आठ बिटचा एक बाइट), म्हणजे त्याच तीन तासांचे १३५ जीबी. एका प्रयोगाचे १६५ जीबी! ५१२ जीबीचा एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची डिस्क, विंडोजमध्ये ४७६ च दिसतो, त्यात विंडोज आणि सॉफ्टवेअर बसलं की दोन प्रयोगांतच तो भरत येणार. त्यामुळे आणखी एक एसएसडी बसवायला दुसरा एम-डॉट-टू स्लॉट (खाच) हवाच, ही पहिली अट झाली.

एडिटिंग सॉफ्टवेअरचा घोळ मी फार घातला नाही. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती नवशिक्याला भरपूर आहे, हे खरं. पण कॅमेरावाला मित्र लग्नांचं काम प्रीमियर प्रोवर करतो आणि रात्री अकरालाही फोन उचलतो. अडल्यावर विचारायला माणूस असणं मला प्रीमियरच्या महिन्याच्या भाड्यापेक्षा मोलाचं वाटलं.

खरा उलगडा झाला तो त्याच्याच स्टुडिओत. त्याच्याकडे इंटेलच्या बाराव्या पिढीचा लॅपटॉप आहे. त्याचा भाचा एएमडी प्रोसेसर आणि एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डाचा, बराच महागडा गेमिंग लॅपटॉप घेऊन आला होता. दोन्हींवर प्रीमियर होतंच. माझ्या त्याच दोन क्लिप, आयफोनची आणि कॅमेऱ्याची, दोन्हीकडे टाकल्या आणि शेजारी टास्क मॅनेजर उघडून ठेवला. आयफोनची क्लिप दोन्हीकडे लोण्यासारखी चालली. कॅमेऱ्याची क्लिप लावली तशी भाच्याच्या लॅपटॉपचा प्रोसेसर शंभराला टेकला, पंखे घोंघावू लागले, चित्र अडखळलं. मित्राच्या साध्या लॅपटॉपवर इंटेलच्या ग्राफिक्सचा ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख वर गेला आणि प्रोसेसर निवांत राहिला.

कारण असं, की हा कॅमेरा एचईव्हीसीमध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) १०-बिट ४:२:२ रेकॉर्ड करतो. रंगाची माहिती जास्त, म्हणून रात्रीच्या लाल-हिरव्या दिव्यांत तो बरा पडतो. पण या प्रकारची फाइल उलगडायची सोय इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्याच अंगच्या ग्राफिक्समध्ये आहे. एनव्हिडियाने ती आरटीएक्स ५० मालिकेपासून दिली. भाच्याच्या एएमडी लॅपटॉपात ती नव्हती. ३०६० इतर कामांत कितीही दणकट असो, इथे त्याचं काही चालत नाही. फक्त फोनवर शूट करणाऱ्याला यातलं काहीच बघायची गरज नाही, त्याने एएमडी खुशाल घ्यावा. मी माझ्या यादीतले एएमडीचे लॅपटॉप मात्र तिथेच खोडले.

मॅकबुक एअरचाही विचार केला. ही फाइल तोही आरामात चालवतो, पंखा नसल्याने आवाज शून्य. पण त्यात रॅम आणि स्टोरेज पुढे वाढवता येत नाही, आणि आधीच जास्त घ्यायचं तर माझं बजेट मोडत होतं. पैसे असते तर कदाचित तोच घेतला असता.

मग कोल्हापूर गाठलं, पेनड्राइव्हवर दशावताराचे काही फोटो आणि छोट्या क्लिप घेऊन. दुकानात लॅपटॉप ओळीने मांडलेले. विक्रेता म्हणाला, ‘साहेब, हा गेमिंगचा घ्या, १४४ हर्ट्झ आहे, स्क्रीन सेकंदाला १४४ वेळा बदलते.’ मी रिद्धी-सिद्धीच्या शालूचा फोटो त्या स्क्रीनवर उघडला. शालू भडक लाल, पण स्क्रीनवर विटकरी दिसत होता. तपशिलात पाहिलं तर ४५ टक्के एनटीएससी, हे स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप. स्वस्त गेमिंग लॅपटॉपांत हा पॅनल सर्रास असतो. तो एसआरजीबी या नेहमीच्या रंगमापाचे जेमतेम साठ-बासष्ट टक्के रंग दाखवतो. शेजारच्या १०० टक्के एसआरजीबीवाल्या स्क्रीनवर तोच शालू लाल, जरीचा काठ वेगळा. १४४ हर्ट्झचं मी काय करू? माझा व्हिडिओ ३० फ्रेमचा.

दुसरं विचारलं ते ग्राफिक्स कार्डाच्या वॅटचं. आरटीएक्स ४०५० हे नाव तेच, पण लॅपटॉपच्या बनावटीप्रमाणे ते ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत मिळतं आणि कामात फरक पडतो. विक्रेत्याला ठाऊक नव्हतं. त्याने बिचाऱ्याने कंपनीची साइट उघडून शोधून दिलं.

शेवटी घेतला तो इंटेलच्या तेराव्या पिढीचा आय-फाइव्ह, नावात ‘एच’ (जास्त ताकदीचा) असलेला, ‘यू’ (बॅटरी वाचवणारा) नव्हे. ४०५० कार्ड, १६ जीबी रॅम, ५१२ चा एसएसडी. रॅम एकाच स्लॉटमध्ये १६ ची आहे, दुसरा रिकामा. पुढे तिथे आणखी १६ लावली की ड्युअल चॅनलचाही (दोन्ही पट्ट्या एकदम वापरायचा) फायदा मिळेल. झाकण उघडल्याने वॉरंटी जाते का, हे दुकानातच विचारून घेतलं. कंपनीगणिक नियम वेगळा असतो. बजेटच्या थोडं आतच बसलं. उरलेल्या पैशात १ टीबीचा एसएसडी घेऊन दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवला. आता सॉफ्टवेअर एकीकडे, शूटिंग दुसरीकडे.

चार्जर मात्र जड आहे, आणि चार्जर काढला की लॅपटॉपची ताकद निम्म्यावर येते. जत्रेत तो फक्त कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करायला नेतो. एडिटिंग घरी, प्लग लावून. तीन तासांच्या टाइमलाइनला अजूनही मी प्रॉक्सी (क्लिपच्या हलक्या प्रती) बनवतो. रात्री लावून झोपलं की सकाळी तयार असतात.