सरांच्या भिंतीवरची घड्याळं

परवा माहेरी गेले होते तेव्हा आमच्या गणिताच्या सरांकडे चक्कर मारली. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली, पण अजून सकाळी इस्त्रीचा शर्ट घालूनच बसतात. हॉलमध्ये शिरलं की आधी दिसतात ती घड्याळं, एक नाही, मोजून पाच. सगळी दहावीच्या बॅचेसनी निरोप समारंभात दिलेली, कारण वर्गणी जमल्यावर काय घ्यायचं ते कुणालाच सुचत नाही आणि शेवटी सगळे घड्याळावरच येतात. त्यातलं एक आमचं. 'इ. १० वी ब, १९९६' हे स्टिकर पिवळं पडलंय आणि काटे सव्वाचारला थांबलेत.

काकू म्हणाल्या, "चालू एकच आहे, पण बाकीची काढू देतील तर शपथ!"

"अगं, वेळ बघायला मोबाईल आहे की," सर म्हणाले, "ही बॅच बघायला लागतात."

मी जरा ओशाळलेच. सर पट्टीने समास आखू द्यायचे नाहीत, पेपरात वेळ जातो म्हणून. कागदाची कड दोन बोटं आत दुमडायची, नखाने घडी दाबायची, झाला समास. कच्चं काम उजवीकडे, आणि ते खोडायचं नाही, चूक कुठे झाली ते दिसलं पाहिजे. आज मी बँकेत आहे, सगळं कॉम्प्युटरवर, तरी हिशोब जुळेना की प्रिंटरमधला कागद ओढते आणि घडी घालते. घरी लेक म्हणते, आईचं ओरिगामी सुरू झालं.

खरं तर भेट उलट दिशेनेही येते. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराला केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं. गुरुजी विल्सन हायस्कूलचे, हे एल्फिन्स्टनचे, म्हणजे वर्गातला विद्यार्थीसुद्धा नाही, चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा पोरगा म्हणून ओळख झालेली. पुढे १९५६ ला नागपुरात काय झालं ते सगळ्यांना माहितीये. आणि आम्ही काय दिलं, तर भिंतीवरचं घड्याळ!

शेवटी राहवेना, कोपऱ्यावरच्या दुकानातून पेन्सिल सेल आणला, स्टुलावर चढले आणि घातला. काटा दोनदा थरथरला आणि परत सव्वाचारलाच थांबला.

सर खालून म्हणाले, "कच्चं काम दाखव आधी."