मंतरवाडीच्या डेपोवर लीचेट मोजायला जाताना

हडपसर गाडीतळावरून सासवड रस्त्याला लागलं की मंतरवाडी येण्याआधीच नाकाला कळतं. उरुळी देवाची-फुरसुंगीचा कचरा डेपो तो हाच. आत जायला महापालिकेची लेखी परवानगी आधीच काढून ठेवा. गेटवर हुज्जत घालून काही होत नाही. आषाढात माउलींची पालखी याच रस्त्याने दिवे घाटाकडे जाते, ते दिवस टाळा. गमबूट हवेतच. सिगारेट-काडेपेटी गाडीतच राहू द्या, ढिगातून मिथेन येत असतो.

आम्ही पावसाळा सरता सरता गेलो. जुन्या ढिगाच्या पायथ्याशी चरातून काळपट पाणी वाहत होतं, वर फेस. हेच लीचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपून बाहेर येणारं पाणी. ते मोजायला महागडं यंत्र लागत नाही. चराच्या उतारावर पाइपाचा तुकडा बसवायचा, खाली बादली, हातात मोबाइल. 20 लिटरची बादली मिनिटात भरली तर दिवसाचे 28,800 लिटर. अर्थात हा हिशोब त्या दिवसापुरताच. कोरडा कचरा आधी स्वतः पाणी पितो, मग खालून सोडतो. म्हणून पहिल्या सरींनंतर चर कोरडा दिसतो आणि पाऊस उघडल्यावरही वाहतच राहतो.

वर्षाचा अंदाज कागदावर बांधावा लागतो. एक हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10 घनमीटर पाणी. हंगामात 500 मिमी पडला आणि त्यातला 30 टक्के मुरला असं धरलं, तर 1,500 घनमीटर. खरा घोळ त्या 30 टक्क्यांतच आहे! उघड्या ढिगात मुरणं जास्त, माती टाकून उतार दिलेल्या ढिगात बरंच कमी. बादलीच्या नोंदी पावसाच्या नोंदींशी ताडून तो आकडा बसवत न्यायचा.

नमुन्यात नुसता सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) बघून निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. सोबत क्लोराइड काढाच. ते कुजून नाहीसं होत नाही. दोन्ही सारख्या प्रमाणात उतरले तर पावसाने पाणी पातळ झालंय. सीओडी एकटाच उतरला तर कुजणं पुढे गेलंय. ताज्या कचऱ्याचं लीचेट आंबट, बीओडी (जिवाणूंना घाण खायला लागणारा ऑक्सिजन) आणि सीओडीचं गुणोत्तर 0.5 च्या वर, जुन्याचं 0.1 च्या आसपास, सामू 7.5 च्या पुढे. अमोनिया मात्र वर्षानुवर्षं हटत नाही, आणि नियमाची मर्यादा 50 मिग्रॅ प्रति लिटर.

एकाच जागेचा नमुना मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये घ्या. सीओडीच्या बाटलीत सल्फ्युरिक आम्ल, बीओडीच्या बाटलीत काही नाही, दोन्ही बर्फात. आणि जायचं ते सोमवारी किंवा मंगळवारी. बीओडीला 27 अंशांवर तीन दिवस लागतात. गुरुवारी लावलेल्या बाटल्या रविवारी वाचायला लॅबमध्ये कोणी नसतं.