खिळ्याला विचारून

गोदामात सगळ्यात जास्त वजन पॅलेट, म्हणजे माल रचायचं ते लाकडी बैठं, पेलतं आणि सगळ्यात कमी लक्ष त्याच्याचकडे जातं. माल हरवला तर शोधाशोध होते. पॅलेट मोडलं तर ते पायाने बाजूला सरकवून दुसरं आणलं जातं. त्याच्या लाकडाची निवडही मग अशीच एका वाक्यात उरकते: मजबूत घाला. मजबूत म्हणजे कठीण, कठीण म्हणजे जड, एवढंच आपलं लाकडाचं गणित. पण मोडलेलं पॅलेट टाकून देण्याआधी जरा वाकून बघावं. फळी ऐन मध्यावर काडकन मोडलेली क्वचितच दिसते. बहुतेक वेळा ती टोकाशी चिरलेली असते, खिळ्यांतून उचकटून वर आलेली असते, नाहीतर खालचा ठोकळाच फिरलेला असतो. लाकूड शाबूत आणि सांधा गेलेला. म्हणून पॅलेटसाठी लाकूड निवडायचं तर पहिला सल्ला खिळ्याचा घ्यावा, असं माझं मत आहे.

खिळा लाकडात शिरतो तेव्हा तंतू बाजूला सारत जातो. सारलेले तंतू त्याला चहूबाजूंनी दाबून धरतात आणि तीच त्याची पकड. लाकूड जितकं घन तितकी ही मिठी घट्ट, आणि वाढ सरळ हिशेबाने होत नाही. साध्या गुळगुळीत खिळ्याची पकड घनतेच्या साधारण अडीचाव्या घाताने वाढते. म्हणजे घनमीटरला ४५० किलोच्या पाइनऐवजी ६०० किलोचं लाकूड घेतलं, तर घनता एक तृतीयांशाने वाढली आणि पकड मात्र दुप्पट झाली. इथे जड लाकडाच्या बाजूचे लोक मिशीवर ताव देतील. पण थांबा, घन आणि वाळकं लाकूड खिळ्याला जागाच देत नाही. तंतू बाजूला सरायला तयार नसतात, मग ते फाटतात. फळीच्या टोकापासून २० मिलिमीटरच्या आत खिळा मारला, की केसाएवढी एक चीर पडते. ती त्या दिवशी कुणाला दिसत नाही. फोर्कलिफ्टच्या चार धक्क्यांनंतर ती वीतभर लांब झालेली असते.

जुने सुतार यावर एक उपाय करतात, तो आजही तितकाच खरा आहे. खिळा उलटा धरून त्याच्या टोकावर हातोडीचा हलका ठोका द्यायचा आणि टोक बोथट करायचं. अणकुचीदार टोक पाचरीसारखं तंतू फाकवतं. बोथट टोक ते चिरडत, तोडत आत जातं. पकड थोडी कमी होते, पण फळी वाचते. पॅलेटसाठीचे खिळे म्हणूनच बोथट टोकाचे मिळतात. दुसरी काळजी म्हणजे दोन खिळे एकाच रेषेत मारायचे नाहीत. लाकडाची रेघ जिथून जाते त्याच रेघेवर दोन्ही खिळे आले, तर ते एकमेकांची चीर पुढे नेतात. थोडे तिरपे, मागेपुढे मारावेत. लांबी फळीच्या जाडीच्या अडीच ते तीन पट धरावी. २२ मिलिमीटरच्या फळीला ५५ ते ६५ मिलिमीटरचा खिळा. आणि तो तंतूंना आडवा गेला पाहिजे. ठोकळा चुकीच्या बाजूने उभा ठेवून त्याच्या कापलेल्या तोंडात खिळे मारले, तर ते हाताला घट्ट लागतात आणि ओढ बसली की सहज निघून येतात.

एवढं सगळं पाळूनही पॅलेट दोन महिन्यांत खुळखुळं होऊ शकतं, आणि त्याचं कारण पाणी. ताज्या कापलेल्या लाकडात पाण्याचं वजन कोरड्या लाकडाच्या निम्म्याहून जास्त असू शकतं. काही जातींत तर लाकडापेक्षा पाणीच जास्त भरतं. हे पाणी उडायला लागलं तरी सुरुवातीला फळीचं माप बदलत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली आला, की तंतूंच्या भिंतीतलं पाणी निघू लागतं आणि तिथून लाकूड आकसतं. लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत आणि जाडीत मात्र चांगलंच. वर्षवलयांच्या वळणाने ते जितकं आकसतं, त्याच्या निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. या दुजाभावामुळे फळी पन्हाळीसारखी वळते. १०० मिलिमीटर रुंदीची पाइनची फळी ३० टक्क्यांवरून १५ वर येताना साडेतीन-चार मिलिमीटरपर्यंत गमावते.

खिळ्याच्या दृष्टीने खरा घात जाडीत होतो. २२ मिलिमीटरची फळी अर्धा मिलिमीटर पातळ होते. खालचा ठोकळाही खिळ्याभोवती आकसतो, पण खिळा जिथल्या तिथे. मग डोकं वर राहतं. बोट फिरवलं तर टोचतं, आणि पिशव्यांचा माल असेल तर सगळ्यात खालची पिशवी नेमकी तिथेच फाटते. दरम्यान खिळ्याभोवतीचे तंतूही सैल पडलेले असतात. ओल्या लाकडात मारलेला गुळगुळीत खिळा लाकूड वाळल्यावर आपली तीन चतुर्थांशापर्यंत पकड गमावू शकतो. ठोकताना तो लोण्यात सुरी जावी तसा गेलेला असतो, त्यामुळे ठोकणारा खूश, आणि बिल लावून झालेलं असतं.

यावर दोन मार्ग आहेत. पाइन, स्प्रूससारखं मऊ लाकूड असेल तर ते वाळवूनच वापरावं, ओलावा २० टक्क्यांच्या खाली. ओक, निलगिरी, बाभूळ यांची गोष्ट वेगळी. ती पूर्ण वाळली की खिळा वाकतो पण आत जात नाही. म्हणून ती अर्धवट ओली असतानाच ठोकावी लागतात. तिथे गुळगुळीत खिळा चालत नाही, पीळदार किंवा कड्याकड्यांचा खिळा हवा, कारण लाकूड आकसलं तरी त्याच्या खाचांत तंतू अडकून राहतात. घनदाट लाकूड मागवायचं आणि खिळ्यात काटकसर करायची, हा प्रकार सर्रास चालतो आणि त्याच्याइतकं वाया जाणारं काही नाही. ओकमध्ये आणखी एक भानगड आहे: त्यातलं टॅनिन लोखंडाशी जुळवून घेत नाही. ओल्या ओकमध्ये साध्या खिळ्याभोवती काळा डाग पसरतो आणि खिळा हळूहळू खाल्ला जातो.

ओलावा मोजायला दोन टोच्यांचं मीटर पुरतं, पण टोचायचं कुठे हे कळलं पाहिजे. फळीची टोकं सगळ्यात आधी वाळतात. तिथे टोचलं की मीटर गोड बोलतं. टोकापासून निदान दोन वीत आत, आणि थप्पीच्या वरच्या नव्हे, मधल्या फळीत टोचावं. ठोकळा तर जाड, तो बाहेरून वाळका आणि आतून ओला असणारच. एखादा मधोमध कापून बघण्यात कमीपणा नाही.

आता वजन. १२०० बाय ८०० मिलिमीटरचं युरोपीय पॅलेट घ्या: अकरा फळ्या, नऊ ठोकळे, ७८ खिळे. लाकूड भरतं सुमारे ०.०४५ घनमीटर. ४५० किलो घनतेच्या लाकडाचं केलं तर वीस किलो, ७२० च्या ओक किंवा बीचचं केलं तर बत्तीस. विमानाने जाणाऱ्या हलक्या मालाखाली हे बारा किलो म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आणि ही फक्त लाकडाची बाजू झाली. त्याच आकाराचं पाइनचं पॅलेट २० टक्क्यांऐवजी ६० टक्के ओलाव्यावर ठोकलं, तर त्यात सात-साडेसात किलो जादा पाणी असतं. कंटेनरमध्ये वीस पॅलेटं भरली की दीडशे लिटर पाणी आपण बंद पेटीत कोंडलं. त्यातलं थोडं जरी उडालं तरी रात्री थंड छताला थेंब धरतात आणि खोक्यांवर टपकतात. मग माल पोचल्यावर चर्चा होते ती कंटेनरला भोक होतं का याची.

कडकपणा ही वेगळी बाब आहे, आणि तिथे लाकडाच्या जातीपेक्षा जाडी जास्त बोलते. जमिनीवर ठेवलेल्या पॅलेटला सगळीकडून आधार असतो. रॅकवर ठेवलेलं फक्त दोन कडांवर तोललेलं असतं आणि मधे झोळ येतो. हा झोळ जाडीच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात कमी होतो. २० ऐवजी २२ मिलिमीटरची फळी घेतली की कडकपणा ३३ टक्क्यांनी वाढतो, लाकूड मात्र फक्त दहा टक्के जादा लागतं. भारी जातीचं लाकूड शोधत फिरण्यापेक्षा दोन मिलिमीटर मागून घेणं कितीतरी सोपं. उलट बाजूने हेच गणित मारकं ठरतं: २२ सांगितलेली फळी करवतीखालून २० ची आली, तर पाव भाग कडकपणा गेला आणि तो डोळ्याला दिसतही नाही. जाडी मोजायचं व्हर्नियर खिशात हवं.

सगळ्या फळ्या एकाच लाकडाच्या हव्यात हाही एक गैरसमज. पॅलेटच्या दोन्ही टोकांच्या फळ्या जन्मभर मार खातात. फोर्कलिफ्टची पाती आधी त्यांच्यावर आपटतात. तिथे घन लाकूड घाला, रुंद फळी घाला, दोनाऐवजी तीन खिळे घाला. मधल्या फळ्या नुसत्या वजन पेलतात, त्यांना पॉप्लरसुद्धा चालतं. फक्त एकाच थरात अगदी मऊ आणि अगदी कडक फळ्या शेजारी-शेजारी लावू नयेत. कडक फळी वाकत नाही, त्यामुळे शेजारणीचंही ओझं तिच्यावर येतं.

एकेक फळी हातात घेऊन बघणं तर टळतच नाही. गाठ असावी, गाठीशिवाय झाड नाही. पण तिने फळीच्या रुंदीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग अडवलेला नसावा, आणि दोन आधारांच्या मधोमध किंवा खिळ्याच्या जागी ती नसावी. निळसर डाग दिसले म्हणून फळी परत पाठवणारे भेटतात. ती बुरशी रंग बिघडवते, ताकदीला फारसा धक्का लावत नाही. ज्या फळीच्या रेघा तिरक्या जाऊन कडेतून बाहेर पडतात, ती मात्र दिसायला स्वच्छ असली तरी नकोच. गाभा मधून गेलेली फळी तडकते. आणि ठोकळ्यांऐवजी लांब दांडे (रनर) लावलेले असतील व त्यांना पात्यांसाठी खाच कापलेली असेल, तर तिचा कोपरा गोलसर आहे का बघावं. काटकोनी कोपऱ्यातून तडा हमखास सुटतो.

जातीजातींचे स्वभाव थोडक्यात सांगायचे तर पाइन आज्ञाधारक, पण राळ गळली की कापडाच्या गठ्ठ्यांना चिकटते. निलगिरीच्या खोडातच ताण भरलेला असतो. ओंडका कापला की टोकं आपोआप फाकतात, तेवढी छाटायची धरूनच लांबी मागवावी. रबराचं लाकूड खिळ्याला छान, पण त्यात पिष्ट भरपूर, त्यामुळे बुरशी आणि पीठ पाडणारा भुंगा दोघांची मेजवानी; चिरल्यावर लगेच बोरॅक्सचं पाणी पाजलं नाही तर पुढे उपाय नाही. आंब्याचंही तेच रडगाणं. बाभळीची लांब सरळ फळी मिळणं कठीण, पण ठोकळ्याला लांबी लागतेच कुठे?

माल परदेशी जायचा असेल तर आयएसपीएम १५ हा लाकडी पॅकिंगसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम लागतो. १९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आशियातला लांब शिंगांचा भुंगा झाडांवर सापडला, आणि तो लाकडी पॅकिंगमधून आला असं मानलं जातं. अशा पाहुण्यांना रोखण्यासाठी २००२ मध्ये हा नियम आला. लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं टिकलं पाहिजे. तसं केलेल्या लाकडावर गव्हाच्या ओंबीच्या चिन्हाशेजारी एचटी (हीट ट्रीटमेंट, म्हणजे तापवलेलं) हा शिक्का पडतो. मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीचा मार्गही आहे, पण तो वायू ओझोनच्या थराला घातक, आणि २० सेंटिमीटरपेक्षा जाड लाकडाला तो चालत नाही. साल काढलेली हवी. ३ सेंटिमीटरपेक्षा अरुंद चिकटलेला तुकडा चालतो, त्याहून रुंद असेल तर ५० चौरस सेंटिमीटरच्या आत. प्लायवूड आणि ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकूड यातून सुटतं.

एचटी म्हणजे वाळवलेलं, असं समजणारे मात्र फसतात. शिक्का एवढंच सांगतो की आतला किडा मेला. अर्धा तास तापवून लाकडातलं पाणी जात नाही. उलट उष्णतेने साखर पृष्ठभागाकडे येते आणि गुंडाळून ठेवलेल्या ओल्या पॅलेटवर आठवड्यात बुरशीची लव उगवते. त्यासाठी बुरशीनाशक मारावं, तर वास. काही जुन्या बुरशीनाशकांतल्या ट्रायब्रोमोफेनॉलपासून बुरशीच एक कुबट वासाचं रसायन बनवते, आणि ते खोकं भेदून आत जातं. २००९-१० मध्ये एका बड्या औषध कंपनीला याच वासापायी गोळ्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या होत्या. मूळ निघालं लाकडी पॅलेटमध्ये. औषधं आणि खाण्याचे पदार्थ यांच्यासाठी म्हणूनच भट्टीत वाळवलेलं, काहीही न मारलेलं लाकूड मागावं, आणि आलं की आधी नाकाशी न्यावं.

राहता राहिली दुरुस्ती. मोडलेली फळी बदलताना हाताला येईल ती ठोकली जाते, आणि तिथे जाडीचा घोळ होतो. नवी फळी शेजारणीपेक्षा दोन मिलिमीटर जाड असली तर सगळा भार तिच्यावर टेकतो, पातळ असली तर ती नुसती शोभेला. नवे खिळे जुन्या भोकांत मारू नयेत, बोटभर सरकून मारावेत. पॅलेट परदेशी जाणारं असेल तर बदललेली फळीही प्रक्रिया केलेल्या लाकडाचीच लागते. एक तृतीयांशापर्यंत भाग बदलले तर ती दुरुस्ती. त्याहून जास्त बदलले तर नियमाच्या लेखी ते नवं पॅलेट. मग जुने शिक्के पूर्ण मिटवायचे, आख्ख्या पॅलेटवर पुन्हा प्रक्रिया करायची आणि नवे शिक्के मारायचे, शक्यतो समोरासमोरच्या दोन बाजूंवर, आणि लाल किंवा नारिंगी रंग टाळून.