दुसऱ्या बाजूला कोण उभं राहणार?

फुटबॉलचा सीझन फेब्रुवारीत संपतो असं ज्याला वाटतं तो फिलाडेल्फियात कधी राहिलेला नाही. (फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेटवाला, बॉल हातात घेऊन पळायचा. पाय क्वचितच लागतो पण नाव तेच, आपण काय बोलणार.) फेब्रुवारीत फक्त मॅचेस संपतात. भांडणं मार्चमध्ये सुरू होतात, कारण मार्चच्या मध्यावर फ्री एजन्सी उघडते, म्हणजे ज्यांची कॉन्ट्रॅक्ट संपली ते प्लेअर कुठल्याही टीमकडे जायला मोकळे, आणि मग आख्खं गाव, म्हणजे रेडिओवरचे लोक, वावा नावाच्या दुकानात कॉफीच्या लायनीत उभे असलेले लोक, माझा डेंटिस्ट (माझ्या तोंडात त्याचे दोन हात असताना, मी काय उत्तर देणार), सगळे मिळून हॉवी रोझमनला म्हणजे ईगल्सच्या, आमच्या टीमच्या, जनरल मॅनेजरला सल्ले द्यायला लागतात. तो ऐकत नाही हे सगळ्यांना माहिती आहे. त्याने काही फरक पडत नाही.

२०२५ च्या मार्चमध्ये तर कमालच होती. ९ फेब्रुवारीला न्यू ऑर्लिन्समध्ये कॅन्सस सिटीला ४०-२२ असं धुऊन सुपर बोल, म्हणजे सीझनची फायनल, जिंकलेला, परेड होऊन महिनासुद्धा नीट झाला नव्हता, आणि टीमने ३४ वर्षांच्या डॅरियस स्लेला नारळ दिला. स्ले म्हणजे २०२० पासून इथला एक नंबरचा कॉर्नरबॅक. मग प्रश्न असा की एका बाजूला क्विन्यॉन मिचेल आहे, मधल्या जागेला कूपर डीजीन आहे, पण दुसऱ्या बाजूला कोण उभं राहणार? एवढाच प्रश्न. पण यावर लोकांनी जेवढी डोकी फोडली तेवढ्यात एखादी हाउसिंग सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाऊन आली असती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॉर्नरबॅक काय करतो ते मला बाबांनी समजावलं. उलटं वाटेल, पण खरंच. बाबा तरुणपणी कराडकडच्या गावात कबड्डी खेळायचे, डाव्या कोपऱ्यावर, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत ते आमच्याकडे आले होते, थंडीने घरात कोंडले गेलेले, त्यामुळे सुपर बोल त्यांच्याही गळ्यात पडला. तासाभरात म्हणाले, "अगं हा कडेचा पोरगा बघ, समोरचा कुठे जाणार ते त्याला माहीत नाही, आणि हा उलटा पळतोय." बस्स, हेच ते. समोरच्या रिसीव्हरला, म्हणजे बॉल झेलायला पळणाऱ्याला, कुठे वळायचं ते आधीच ठरवून दिलेलं असतं, याला नाही. हा आधी मागे मागे पळतो, नजर समोरच्याच्या कमरेवर (कारण मान आणि खांदे फसवतात, कंबर फसवत नाही असं म्हणतात), आणि तो वळला की क्षणात स्वतःची कंबर फिरवून त्याच्याबरोबर पळायचं, आणि हे सगळं हात न लावता, कारण पाच यार्डांच्या पुढे हात लावला की शिट्टी.

त्याच मॅचमध्ये शेवटची दोन मिनिटं राहिली असताना, ३५-३५ बरोबरी, आपल्या कॉर्नरबॅक जेम्स ब्रॅडबेरीने रिसीव्हरचा शर्ट ओढला. होल्डिंगची पेनल्टी. कॅन्सस सिटीने उरलेला वेळ खाल्ला, शेवटी फील्ड गोल मारला आणि ३८-३५ जिंकले. घरात सुतक. बाबांना कळेचना, "पकडला तर काय झालं? त्याचं कामच आहे ते." कबड्डीत कोपऱ्यावरच्याने घोटा पकडला की लोक शिट्ट्या मारतात, इथे पंच मारतो. आणि ब्रॅडबेरी इतका सरळ माणूस की मॅचनंतर त्याने स्वतःच कबूल केलं, हो, ओढला मी शर्ट. आख्खं शहर पंचाला शिव्या द्यायला तयार बसलेलं, आणि यानेच हवा काढून टाकली. मला तो तेव्हापासून फार आवडायला लागला, पण हे इथे कुणाला बोलून दाखवायची सोय नाही.

तर मार्च २०२५. आमच्याकडे होळीचं पॉटलक होतं त्या वीकेंडला. फ्री एजन्सी बुधवारी १२ तारखेला उघडली होती पण त्याच्या दोन दिवस आधीपासून एजंटांशी बोलायची परवानगी असते, त्यामुळे सोमवारपासूनच मोठी मोठी नावं गेली होती. डी. जे. रीड डेट्रॉइटला, तीन वर्षांचे ४ कोटी ८० लाख डॉलर. पॉल्सन अडेबो न्यू यॉर्क जायंट्सकडे, तीन वर्षांचे ५ कोटी ४० लाख. आपल्याकडे? आपल्याकडे ॲडोरी जॅक्सन आला, एक वर्षासाठी, त्या मानाने चिल्लरमध्ये. पुरणपोळीवर तूप वाढता वाढता माझ्या दिराने लॅपटॉप उघडला. तो न्यू जर्सीत राहतो, अकाउंट्सवाला आहे, आणि त्याने एक्सेल शीट बनवली होती. "वहिनी, कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगारांची मर्यादा, २७ कोटी ९२ लाख आहे, पण बोनस पाच वर्षांवर पसरवता येतो, त्यासाठी पुढे दोन खोटी वर्षं लावायची, व्हॉइड इयर्स, मग या वर्षी कागदावर रीडचे जेमतेम ५०-६० लाख दिसतात." मी म्हटलं, आणि ती उधारी फेडणार कोण? तर म्हणे कॅप दरवर्षी वाढते. आमच्या सांगलीच्या मामांनी याच लॉजिकवर तीन ट्रॅक्टर घेतले होते.

शेजारचे आजोबा पण आले होते, साउथ फिलीत जन्मलेले, ऐंशीच्या घरातले, पुरणपोळीला 'स्वीट टॉर्टिया' म्हणतात आणि चार खातात. त्यांचं मत सोपं. कॉर्नर बाहेरून विकत घ्यायचा तर ट्रॉय व्हिन्सेंटसारखा घ्यायचा. व्हिन्सेंट १९९६ ला मायामीहून आला, पोरगा मुळात इथलाच, ट्रेंटनच्या बाजूचा, आणि ईगल्सकडून पाच वेळा 'प्रो बोल'ला, म्हणजे लीगच्या स्टार प्लेअरच्या मॅचला, निवडला गेला. असा मिळत असेल तर बोला नाहीतर गप बसा. माझा मुलगा, अकरावीतला, त्याला केली रिंगो पाहिजे होता, कारण रिंगो टीममध्येच आहे, २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (टीम्स पाळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात तो) चौथ्या राउंडला घेतलेला, उंच, पळायला तुफान, आणि मुख्य म्हणजे व्हिडिओ गेममध्ये त्याचा स्पीड ९० च्या वर आहे म्हणे. यावर काय बोलणार.

आणि मी? माझं मत असं की विकत घेऊच नका. मी इथे राहायला आले २०११ च्या उन्हाळ्यात, त्या वर्षी मला फुटबॉलचा फ पण कळत नव्हता, पण टीव्ही लावला की एकच नाव, नामदी आसोमुआ. ओकलंडमध्ये असताना त्याच्याकडे बॉल टाकायचीच कुणाची हिंमत व्हायची नाही. ईगल्सने त्याला पाच वर्षांचे ६ कोटी देऊन आणला. आधीच असांटे सॅम्युएल होता, ट्रेडमधून डॉमिनिक रॉजर्स-क्रोमार्टी पण आला, म्हणजे दोन बाजू आणि तीन राजे. बॅकअप क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) म्हणून आलेला व्हिन्स यंग बोलून गेला की ही ड्रीम टीम आहे. आणि डिफेन्स सांभाळायला दिला कुणाकडे, तर हुआन कास्टिलोकडे, जो त्याच्या आदल्या वर्षापर्यंत ऑफेन्सच्या लाइनचा कोच होता! म्हणजे भजनी मंडळाच्या बुवांना एकदम लेझीम पथकाचं लीडर करून टाकलं. ओकलंडला नामदी एका बाजूला उभा राहून समोरच्याला चिकटून खेळायचा, इथे त्याला इकडून तिकडे फिरवला, झोनमध्ये घातला, म्हणजे माणूस नाही, जागा राखायची. सीझन ८-८. पुढच्या वर्षी ४-१२. मग त्याला सोडला. तो नंतर ॲक्टर-प्रोड्यूसर झाला, केरी वॉशिंग्टनशी लग्न केलं, म्हणजे त्याचं काही वाईट झालं नाही, वाईट आमचं झालं.

पुन्हा २०१५. चिप केली कोच. सिएटलचा बायरन मॅक्सवेल, सहा वर्षं, ६ कोटी ३० लाख. सिएटलला त्याच्या दुसऱ्या बाजूला रिचर्ड शर्मन असायचा, मागे सेफ्टीला अर्ल थॉमस, हे बिल काढताना कुणाच्या लक्षात आलं नाही बहुतेक. पहिलीच मॅच अटलांटाला, सोमवारी रात्री, समोर हूलियो जोन्स नावाचा राक्षस. १४१ यार्ड आणि दोन टचडाउन. सगळे काही मॅक्सवेलवर नव्हते, पण कॅमेऱ्यात दर वेळी पाठमोरा तोच दिसायचा. एका वर्षात मायामीला रवाना, त्याच्याबरोबर कीको अलोन्सो पण, बदल्यात ड्राफ्टमध्ये १३ वरून ८ वर उडी.

आता गंमत बघा. २०१८ च्या फेब्रुवारीत ईगल्सनी पहिला सुपर बोल जिंकला तेव्हा कॉर्नरला कोण होते? सातव्या राउंडचा जेलन मिल्स, केस हिरवे केलेला, आणि पॅट्रिक रॉबिन्सन, एका वर्षाच्या स्वस्तातल्या करारावर आलेला, ज्याच्या नावाने सगळ्या गावाने नाक मुरडलं होतं. त्याच रॉबिन्सनने मिनेसोटाविरुद्ध सेमीफायनल म्हणावी अशा मॅचमध्ये बॉल पकडून ५० यार्ड पळून टचडाउन केला आणि तिथून जी मॅच फिरली ती ३८-७. हे मी होळीच्या दिवशी सांगितलं तर दीर म्हणाला, वहिनी, सॅम्पल साइज लहान आहे.

माझं आपलं म्हणणं, कॉर्नरबॅकची किंमत बाहेरून कळतच नाही. त्याचं काम जमलं तर स्क्रीनवर काहीच होत नाही. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे, आणि चांगल्या कॉर्नरकडे बॉल येतच नाही, म्हणून तो दिसतच नाही. मिचेलचं पहिलं वर्ष, २०२४, घ्या ना, टोलीडोसारख्या लहान कॉलेजातून आलेला २२ व्या नंबरचा पिक, आख्ख्या रेग्युलर सीझनमध्ये एकही इंटरसेप्शन नाही, म्हणजे समोरच्यांचा एकही पास मधेच झेलला नाही. शून्य. शीटमध्ये भोपळा. मी त्या सीझनला लिंकवर, म्हणजे ईगल्सच्या स्टेडियमवर, एक मॅच बघायला गेले होते, अगदी वरच्या टियरला, जिथून माणसं मुंग्या दिसतात, आणि थंडीत हात खिशात घालून नुसता त्या २७ नंबरवर डोळा ठेवला. बॉल दुसरीकडे. रन प्ले. बॉल परत दुसरीकडे. आणि हा दर वेळी तितकाच जीव तोडून पळत होता, रिसीव्हर कंटाळून शेवटची दहा यार्डं जॉगिंग करायला लागला तरी हा त्याच्या खांद्याला खांदा लावून, आणि प्ले संपला की एकटाच चालत परत. मागचा माणूस मला म्हणाला, बाई, मॅच तिकडे चाललीय.

त्यामुळे जो दिसतो तो आधीच्या टीममधला दिसतो, त्याच्या आजूबाजूच्या दहा माणसांसकट, आणि पैसे मात्र एकट्याला मोजायचे. वादाला म्हणूनच अंत नाही, कोण चूक ते सिद्धच करता येत नाही. क्वार्टरबॅकवर वाद घालून बघा, आकडे तोंडावर येतात. कॉर्नरवर प्रत्येकाला आपलंच खरं करता येतं. फिलीच्या माणसाला अजून काय पाहिजे.

आणि झालंही तसंच. २०२५ चा सीझन सुरू झाला तरी दुसऱ्या बाजूला कधी जॅक्सन, कधी रिंगो, मुलगा आणि दीर एकमेकांना टोमणे मारतायत. जूनमध्ये ग्रीन बेने जायर अलेक्झांडरला सोडलं तेव्हा दिराने रात्री अकराला फोन करून सांगितलं होतं, हा घ्या, हा स्टार आहे, स्वस्तात मिळेल. तो गेला बाल्टिमोरला. मग नोव्हेंबरच्या सुरुवातीला हॉवीने ट्रेड करून त्याला खरंच आणला, दिराची छाती फुगली, ग्रुपवर ढोल-ताशाचे स्टिकर. दोनेक आठवड्यांत अलेक्झांडरने खेळणंच थांबवतोय म्हणून सांगितलं, ईगल्सकडून एकही मॅच न खेळता. मी काही बोलले नाही. आजोबांनी फक्त एवढंच विचारलं की ट्रॉय व्हिन्सेंट सध्या काय करतो. (तो लीगच्या ऑफिसात मोठा साहेब आहे.)

दीर म्हणतो त्याची निवड बरोबरच होती, टायमिंग चुकलं, जूनमध्ये आणला असता तर खेळला असता. मी म्हणते मी म्हटलंच होतं. दोघंही आपापल्या जागी खूश. परवा त्याचा मेसेज आला, नवीन शीट तयार आहे, यावेळी दुखापतींचा वेगळा कॉलम घातलाय, आणि वहिनी पुरणपोळ्या जरा जास्त करा, आजोबा चारच्या चार संपवतात.