ऑफ माडी, ऑन माडी

घरातल्या बाकीच्या फोनांवर नेट चालतंय आणि फक्त तुमच्याच फोनात वायफायच्या चिन्हाला उद्गारचिन्ह चिकटलंय, असं असेल तर फोन घेऊन दुकानात पळू नका. मी पळाले होते. पाच दिवस गेले, फणसाच्या पापडांच्या तीन ऑर्डरी गेल्या आणि तेवढ्यात खानापूरची एक वारीही झाली. राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून लिहून काढतेय.

आमचं घर बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या रस्त्यावरून आत. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. त्या बाजूला पाऊस हवा तेवढा मिळतो, मोबाइलची रेंज घरात शून्य. फोन लावायचा तर वरच्या काजूच्या बागेत एक कातळ आहे, त्यावर जाऊन उभं राहायचं. फायबर आलं तेव्हापासून सगळा कारभार वायफायवर. पापडाच्या, साठांच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, पैसे फोनवर येतात, लेक पुण्याहून रात्री व्हिडिओ कॉल करते. उद्गारचिन्ह आलं म्हणजे माझं दुकानच बंद.

मेच्या शेवटी वळीव झाला, वीज कडाडली आणि वायफायचा डबा गेला. काचेच्या तारेतून वीज येत नाही म्हणे, ती आली भिंतीतल्या सॉकेटमधून. फायबरवाला पोरगा दोन दिवसांत नवा डबा बसवून गेला. त्याबद्दल तक्रार नाही. जाताना म्हणाला, "वहिनी, जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड ठेवलाय, म्हणजे कुणाच्या फोनात काही बदलायला नको." ह्यांचा फोन घेऊन त्याने त्यातूनच पासवर्ड काढला होता. मला फार बरं वाटलं, चहा पाजला. पुढचं सगळं रामायण त्या एका चांगुलपणातून झालं, ते कळायला पाच दिवस लागले.

ह्यांचा फोन चालू. सासूबाईंचा कीर्तनाचा फोन चालू. माझ्या फोनात वायफायचा पंखा पूर्ण भरलेला आणि खाली 'कनेक्टेड, नो इंटरनेट'. फोन बंद करून चालू केला, डबाही बंद करून चालू केला. शेजारच्या काकू म्हणाल्या, मृगाची हवा आहे, दमट झाला असेल, तांदळात ठेव. एक रात्र तांदळातही ठेवला. सकाळी चार्जिंगच्या भोकातून तांदळाची कणी टाचणीने काढावी लागली, बाकी फरक शून्य.

दुसऱ्या दिवशी कस्टमर केअर. फोन लागतो तो फक्त कातळावर, आणि डबा घरात. छत्री धरून वर गेले. आधी कन्नड, मग इंग्रजी, मग हिंदी, हे दाबा, ते दाबा. मराठीला बटण नव्हतं. बाजारापुरतं कन्नड मला येतं, तेच काढलं. नेट येत नाही म्हणून सांगितलं, "नेट बरवल्दु री." पलीकडची बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, राउटर ऑफ माडी, ऑन माडी, म्हणजे डबा बंद करा, चालू करा. मी म्हटलं, केलंय. ती म्हणाली, आता माझ्यासमोर करा. कसं करणार? मी कातळावर, डबा खाली ओटीवर! खाली उतरून केलं, परत वर चढले, परत पहिल्यापासून बटणं दाबली. या वेळी बाप्या होता. त्याने माझं नाव विचारलं, नंबर विचारला आणि म्हणाला, ऑफ माडी, ऑन माडी. त्याच्या पडद्यावर आमची लाइन हिरवी दिसत होती, म्हणजे त्याच्या लेखी आमच्याकडे नेट चालूच होतं. खरं तर तेही खोटं नव्हतं.

संध्याकाळी मेसेज आला, तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. माझ्या त्याच फोनवर, मी कातळावर असताना. घरी उतरले तर उद्गारचिन्ह जागच्या जागी.

तिसऱ्या दिवशी ह्यांनी फायबरवाल्या पोराला गाठून आणलं. त्याने डब्याचे दिवे पाहिले. एलओएसचा, म्हणजे तारेतून सिग्नल येत नसल्याचा, लाल दिवा पेटलेला नाही, म्हणजे तार शाबूत. स्वतःचा फोन जोडून एक व्हिडिओ चालवून दाखवला. "बघा की वहिनी, पळतंय. तुमच्या फोनातच प्रॉब्लेम." आणि गेला. त्याचं चुकलं म्हणता येणार नाही. पण काय प्रॉब्लेम, ते त्याने पाहिलं नाही. पाहायला दोन मिनिटं लागली असती, हे आता कळतंय.

चौथ्या दिवशी खानापूर. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून बायकांना साध्या सरकारी बसला पैसे पडत नाहीत, आधार दाखवलं की शून्याचं तिकीट हातात देतात. म्हणून खर्च नाही झाला, पण दिवस गेला की. मोबाइलच्या दुकानातल्या मुलाने माझा फोन त्याच्या दुकानाच्या वायफायला जोडला. टण टण टण, चार दिवसांचे मेसेज एकदम कोसळले. त्यात पणजीच्या एका बाईंची तीनशे पापडांची विचारणा होती आणि खाली त्यांचंच, "राहू द्या, दुसरीकडे घेतले."

तो म्हणाला, "अक्का, फोन ओके हाय. तुमच्या घरचा वायफाय बाद."

मी म्हटलं, घरच्या वायफायवर ह्यांचा फोन चालतो, फायबरवाल्याचा चालतो. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग वायफायची आयसी वीक झाली असेल. कधी पकडते, कधी पकडत नाही. बोर्ड उघडावा लागेल, बावीसशे." नाहीतर फॅक्टरी रीसेट मारतो म्हणाला, सगळं पुसून फोन नव्यासारखा. आठ वर्षांचे फोटो, गिऱ्हाइकांचे पत्ते, सगळं पुसून! फॅक्टरी रीसेटने माझं काम झालंही असतं, हे मला नंतर कळलं. पण काट्यासाठी पाय कापण्यातली गत ती. मी फोन काढून घेतला आणि बस धरली.

बसमध्ये डोकं तापलं होतं. दुकानातल्या वायफायवर फोन चालतो. घरच्या वायफायवर बाकीचे फोन चालतात. म्हणजे फोन चांगला आणि वायफायही चांगला. सासू चांगली, सून चांगली आणि घरात भांडण रोज, तसलं हे प्रकरण. बिघाड असलाच तर दोघांच्या मध्ये असणार. एवढं मी बसमध्येच ठरवलं होतं, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे.

मध्येच आठवलं म्हणून सांगते. ज्यांच्या घरात मोबाइलची रेंज चांगली आहे त्यांना हा बिघाड लवकर कळतही नाही. वायफायवर नेट नाही असं दिसलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो, आणि दुपारी डेटा संपल्याचा मेसेज आला की तुम्ही मुलांवर ओरडता. तपासायचं तर मोबाइल डेटा बंद करून तपासा.

पाचव्या दिवशी रात्री लेकीशी ह्यांच्या फोनवरून बोलले. तिने उद्गारचिन्हाचं कारण सांगितलं. वायफाय जोडलं गेलं म्हणजे फोन आणि डबा यांची गाठ पडली, एवढंच. त्यापुढे फोन स्वतः गूगलच्या एका पत्त्यावर बारीकशी विचारणा करतो, ठरलेलं कोरं उत्तर परत आलं तर ठीक, नाही आलं तर उद्गारचिन्ह. मग म्हणाली, "आई, दोन्ही फोनात त्या वायफायच्या नावावर दाब, आतली सगळी माहिती उघड आणि मला वाचून दाखव."

ओटीवर दिव्याखाली दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले, चष्मा लावला. तिला वाचून दाखवायच्या आधी मलाच दिसलं. पापड मोजणाऱ्या बाईची नजर आहे. ह्यांच्या फोनात गेटवेपुढे १९२.१६८.१.१. माझ्या फोनात १९२.१६८.०.१. एकीकडे एक, एकीकडे शून्य. आणि 'आयपी सेटिंग्ज'मध्ये ह्यांच्याकडे डीएचसीपी, माझ्याकडे स्टॅटिक.

लेक एकदम म्हणाली, "हे स्टॅटिक कुणी केलं?"

दोन वर्षांपूर्वी गणपतीला पुतण्या आला होता. "काकू, नेट फास्ट करून देतो" म्हणत फोन घेऊन बसला होता. त्याने डीएनएसमध्ये ८.८.८.८ टाकलं होतं. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा नंबर शोधून देणारी सोय, आणि ८.८.८.८ ही गूगलची. यात वाईट काही नाही. पण बऱ्याच अँड्रॉइड फोनांत एकाच वायफायपुरतं डीएनएस बदलायचं तर आयपी सेटिंग्ज डीएचसीपीवरून स्टॅटिक करावी लागते. डीएचसीपी असलं की डबा स्वतः फोनला पत्ता देतो आणि बाहेर जायची वाट, म्हणजे गेटवे, सांगतो. स्टॅटिक केलं की फोन विचारतच नाही, लिहून ठेवलेलंच धरून बसतो. जुन्या डब्याचं दार शून्यावर होतं, नव्याचं एकवर. बस स्टँड हलवला आणि माझा फोन आपला जुन्या स्टँडवर छत्री घेऊन उभा.

आणि ही सेटिंग त्या वायफायच्या नावाला बांधलेली असते, म्हणून खानापूरच्या दुकानात सगळं सुरळीत. फायबरवाल्याने नव्या डब्याला नवं नाव दिलं असतं, तर मी नवा पासवर्ड टाकला असता आणि हे झालंच नसतं.

उपाय म्हणाल तर अर्ध्या मिनिटाचा. स्टॅटिकचं डीएचसीपी करायचं आणि सेव्ह. नाहीतर त्या वायफायवर 'फर्गेट' दाबायचं आणि परत जोडायचं. 'फर्गेट'चा विचार मी पहिल्याच दिवशी केला होता, पण धीर झाला नाही. पासवर्ड पुतण्याने ठेवलेला, लांबलचक, अर्धा मोठ्या लिपीत, अर्धा लहान, घरात कुणाला येत नाही. विसरायला लावला आणि परत जोडताच आला नाही तर? लेक हसली. अँड्रॉइड १० पासून पुढच्या फोनांत, ज्याच्यावर वायफाय चालू आहे त्या फोनावर वायफायच्या नावाखाली 'शेअर'चं बटण असतं, ते दाबलं की क्यूआर कोड येतो. तो दुसऱ्या फोनाने स्कॅन करायचा, पासवर्ड टाकावाच लागत नाही. बाजारात भाजीवाल्याला पैसे देताना करतो तेच. फायबरवाल्याने ह्यांचा फोन घेऊन पासवर्ड काढला तो असाच. मी तेव्हा चहा करत होते.

मी 'फर्गेट' केलं, क्यूआर धरला. उद्गारचिन्ह गेलं. रात्रीचे पावणेअकरा वाजले होते, आणि पणजीच्या बाईंना मी तेवढ्यात मेसेज टाकला, पापड अजून आहेत म्हणून.

लेकीने आणखी काही सांगितलं, विसरायच्या आत लिहिते. सगळ्याच फोनांवर नेट नसेल तर आधी डब्यावरचा लाल दिवा बघा आणि रिचार्ज संपलाय का ते बघा. फोनाची तारीख चुकली असेल तरी नेट असून साइट उघडत नाहीत, बॅटरी पार उतरल्यावर काही फोनांत तसं होतं. जाहिराती बंद करायला कुणी 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये काही नाव टाकून दिलं असेल तर ते 'ऑटोमॅटिक' करून बघा, ही सोय अँड्रॉइड ९ पासून आहे आणि ते नाव चाललं नाही की सगळंच अडतं. व्हीपीएन, म्हणजे फोनाचं नेट दुसऱ्या वाटेने फिरवून नेणारी सोय, चालू राहिलाय का तेही पाहायचं. 'रीसेट नेटवर्क सेटिंग्ज' हा त्यानंतरचा उपाय. त्यात फोटो जात नाहीत, पण साठवलेली सगळी वायफाय आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात. दुकानातल्या मुलाने फॅक्टरी रीसेटच्या आधी हे तरी सांगायला हवं होतं, असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी कातळावर जाऊन पुतण्याला फोन केला. चांगला दहा मिनिटं बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण काकू, तेव्हा नेट फास्ट झालं होतं ना?"

झालं होतं का ते मला आठवत नाही.